साखर कोणाच्या घरची?

‘मधुमेह हा श्रीमंतांचा आजार’ हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं. खेड्यांत सुखवस्तू घरांतच तो जास्त आढळायचा, म्हणून ते मनात रुजलं. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पंधरा राज्यांतल्या पाहणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, तेव्हा महाराष्ट्र, तामिळनाडू आणि चंडीगढच्या शहरी भागांत चित्र उलटं झालेलं होतं. तिथे मधुमेहाचं प्रमाण गरिबांत जास्त होतं.

मग म्हटलं जातं, गरिबांच्या सवयीच वाईट. तंबाखू, व्यसनं, निष्काळजीपणा. मला हा आरोप फार अन्यायाचा वाटतो. लंडनच्या सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सगळे पगारदार, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा. तरी सर्वांत खालच्या पदांवरच्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब लावूनही ही तफावत पुरती मिटली नाही.

म्हणजे गरिबीच आजाराचं कारण? इथेही घाई नको, कारण बाण उलटाही सुटतो. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाची रोजंदारी बुडते, सोबत येणाऱ्या बायकोचीही बुडते. आजारामुळे गरीब झालेलं असं घर पाहणीत नुसतं ‘गरीब आणि आजारी’ म्हणून नोंदलं जातं. आधी काय घडलं ते त्या नोंदीतून कळत नाही.

ते कळायला नशिबाने पडलेला फरक लागतो. आपल्याकडे म्हाडाची सोडत निघते, तशीच सोडत अमेरिकेत १९९४ ते १९९८ दरम्यान पाच शहरांत काढली गेली. अर्ज केलेली सगळी कुटुंबं गरीब वस्तीतली. काहींची चिठ्ठी निघाली, त्यांना बऱ्या वस्तीत राहायला भाड्याची मदत मिळाली. बाकीच्यांना ती मिळाली नाही. कोणाची चिठ्ठी निघेल हे आजार किंवा सवय ठरवत नव्हती, त्यामुळे दोन्ही गटांची तुलना खरी ठरते. दहा-पंधरा वर्षांनी बायकांचं रक्त तपासलं, तेव्हा चिठ्ठी निघालेल्यांत मधुमेह शंभरामागे साधारण चार जणींनी कमी होता. त्यांची कमाई काही वाढली नव्हती. संध्याकाळी रस्त्यावरून चालताना त्यांना वाटणारी भीती मात्र कमी झाली होती.