आधी शंका, मग पाना

सकाळी सव्वाआठ. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेला हा पोरगा चिंचवडच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये अ‍ॅप्रेंटिस आहे. अंगठा लावला की पहिलं काम फरशी पुसणं. तेलावरून पाय घसरला तर वर रॅम्पवर गाडी आहे, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

नऊ ते अकरा नेहमीच्या सर्व्हिसिंगची कामं. इंजिन कोमट असतानाच ऑइल काढायचं, म्हणजे ते पातळ होऊन नीट निथळतं. ड्रेन प्लगला वॉशर नवाच. चाकाचे नट समोरासमोरचे घेत आवळायचे आणि शेवटी टॉर्क रेंच ‘कट्’ वाजेपर्यंत. नुसत्या गननं आवळून मोकळं होणाऱ्यांवर उस्तादांचा फार राग.

सव्वाअकराला खरी शाळा भरते. एक पेट्रोल गाडी थरथरतेय, चेक इंजिनचा दिवा लागलाय. पोरगा डॅशबोर्डखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो. कोड येतो पी0302, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर.

“कॉइल मागवू?”

“कोडमध्ये कॉइल लिहिलंय का रे? दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर टाक, तिसऱ्याची दुसऱ्यावर.”

कोड पुसून इंजिन पुन्हा चालू केलं. आता पी0303. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. दुसऱ्यावरच राहिला असता तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं एकेक तपासत जावं लागलं असतं. पाच मिनिटांची ही अदलाबदल गिऱ्हाइकाचा नको तो खर्च वाचवते. अंदाजानं पार्ट बदलत जाणाऱ्याला मेकॅनिक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एकला डबा. काळे हात कपड्याच्या पावडरीनं घासूनही नखांत काळं उरतंच. गप्पा विद्यावेतनाच्या, 1961च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यानं ते द्यावंच लागतं, पण पुरतं कुणाला?

दुपारी ब्रेक. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. कोरं डॉट-3 205 अंशांच्या खाली उकळत नाही, पण पाणी शिरलं की हा आकडा बराच खाली येतो. मग ताम्हिणीच्या उतारावर सारखा ब्रेक दाबला की आत वाफ धरते आणि पेडल नुसतंच खाली जातं. म्हणून जुनं फ्लुइड काढून नवं भरायचं. पोरगा सीटवर, उस्ताद चाकापाशी. “दाब... धर... सोड.” नळीत बुडबुडे दिसायचे थांबेपर्यंत हेच.

चारला ट्रायल. गाडी उस्ताद चालवतात, पोरगा काच खाली करून आवाज ऐकतो.

साडेपाचला पाने मोजून बोर्डावर. एक दहाचा रिंग पाना कमी; तो सापडेपर्यंत कुठल्याही गाडीचं बोनेट बंद होत नाही.

सहाला डिलिव्हरी. जुनी कॉइल पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात. उद्या एक इलेक्ट्रिक गाडी येणार आहे. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावायची त्याला अजून परवानगी नाही, पण शेजारी उभं राहू द्या म्हणून त्यानं उस्तादांना आजच गाठलंय.