परसातील गोगलगाय



दिसावयास गरीब पण आतून कावेबाज अशा माणसाला आपण 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण लावतो. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या परसात भाजीचा वाफा असला पाहिजे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

त्याचे कारण सांगतो. पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या शाळेतील मुलांनी शाळेमागच्या जागेत तांबड्या भाजीचे वाफे केले. बी उगवले, चार-चार पाने फुटली, आणि एके दिवशी सकाळी पाहतो तो निम्मी रोपे नाहीशी! मातीवर तेवढ्या चकचकीत, चिकट रेघा उरल्या होत्या. मी घाईने मीठ मागवले आणि सढळ हाताने वाफ्यांवर पसरले. गोगलगायी मेल्या हे खरे. परंतु आठवड्याभरात उरलेली रोपेही करपून गेली. तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, गोगलगायींनी निदान निम्मी भाजी ठेवली होती." त्या वाक्याने मला जो धडा दिला, तोच आज आपणांपुढे मांडीत आहे.

शत्रूला घालवावयाचे तर आधी त्याचा स्वभाव जाणला पाहिजे. आपल्या बागांत बहुधा आढळणारी बिनशंखाची गोगलगाय काळपट व चपटी असून तिच्या पाठीवर मधोमध एक फिकट रेघ असते. पाठीवर शंख नसल्यामुळे अंगातील ओल टिकविणे हीच तिची मोठी चिंता. शिवाय सरपटताना जो चिकट द्रव ती सोडते, त्यातही पाणी खर्ची पडते. म्हणून दिवसा ती फळी, कुंडी किंवा पालापाचोळा यांखाली दडते आणि रात्री, माती ओली असताना, बाहेर पडून सूक्ष्म दातांनी कोवळी पाने किसून खाते. नर आणि मादी यांची इंद्रिये एकाच देहात असल्याने वाढ झालेली प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. ओल हेच तिचे बळ आणि तेच तिचे मर्म.

तेव्हा पहिला उपाय पाण्याच्या वेळेचा. पाऊस ओसरल्यावर आपण सवयीने संध्याकाळी झारी हाती घेतो, म्हणजे गोगलगायीसाठी जणू वाटच शिंपून ठेवतो. पाणी सकाळी घालावे; सायंकाळपर्यंत मातीचा वरचा थर सुकतो आणि तिची चाल खुंटते. दुसरा उपाय स्वच्छतेचा. वाफ्यांच्या कडेचे गवत, फुटक्या कुंड्या, विटा आणि कुजका पाला हलवावा.

तिसरा उपाय सापळ्याचा, आणि भर पावसातही उपयोगी पडणारा. गुळाच्या पाण्यात भिजविलेले गोणपाट संध्याकाळी वाफ्याजवळ पसरावे. रात्री चरून झाल्यावर गोगलगायी त्याखाली आसरा घेतात. सकाळी ऊन चढण्यापूर्वी ते उचलावे आणि सापडलेल्या गोगलगायी काडीने साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. मिठाची जागा बादलीत आहे, मातीत नाही. रात्री विजेरी घेऊन वेचणी करणेही फलदायी ठरते. मात्र पायांत बूट असावेत, कारण साप-विंचूही त्याच वेळी हिंडतात.

रोपांभोवती राखेचे कडे करतात. राख कोरडी असेतोवर त्याचा उपयोग होतो. भिजली की संपला. अंड्यांची टरफले पसरण्याची शिफारसही पुष्कळ जण करतात, परंतु इंग्लंडमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्यांचा काहीच लाभ दिसला नाही. त्यापेक्षा बेडूक आणि भारद्वाज यांना परसात अभय द्यावे. गोगलगाय हे त्यांचे भक्ष्यच आहे. विषारी गोळ्या वापरण्याचा मोह टाळावा. त्यांतील मेटाल्डिहाइड हे कुत्र्यांच्याही जिवावर बेतते.

एक सूचना आरोग्याची. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीची पिले गोगलगायीत वाढतात आणि ती माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला दाह होऊ शकतो. म्हणून गोगलगायीला उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि पालेभाजी नीट धुऊन, शिजवूनच खावी.

हे काम क्षुल्लक मानू नये. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड या भागांत शंखाच्या गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी पिके फस्त केली आणि अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. संख्या थोडी असतानाच, आणि शेजाऱ्यांनी मिळून केलेली वेचणी हीच खरी वेचणी.

आमच्या मुलांनी खारट माती काढून टाकली, नवी घातली आणि पुन्हा बी पेरले. रोज सकाळी गोणपाट उचलून ती मोजणी करीत. पहिल्या दिवशीचा आकडा मोठा होता. पुढे तो उतरत गेला. महिन्याभराने त्याच विद्यार्थ्याने तांबड्या भाजीची एक जुडी माझ्या टेबलावर आणून ठेवली. या खेपेस तो काही बोलला नाही.