हजेरीचा रुपया आणि पगाराचा रुपया

चांदूर रेल्वेत ओट्यावर बसून पगाराचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो. ‘काम सारखंच, मंग पैसे काऊन कमी?’ प्रश्न सरळ आहे. उत्तर मात्र हजेरीपटात, नेमणुकीच्या कागदात आणि कायद्याच्या पुस्तकात विखुरलेलं आहे. ते आज जरा गोळा करून मांडतो.

गावाच्या नावातच रेल्वे आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये पूर्वी कायम गँगमनच्या जोडीला रोजंदारी मजूर असत. घण तोच, ऊनही तेच. पण मजुराला हजेरी भरली त्या दिवसाचेच पैसे. चालू मार्गावर सलग 120 दिवस भरले, की त्याला ‘तात्पुरता दर्जा’ मिळे. मग वेतनश्रेणी आणि महागाई भत्ता लागू होई. नव्या बांधकामावरच्या मजुरांना ही सोय नव्हती. इंदरपाल यादव खटल्यात 1985 साली सरकारनं 360 दिवसांची योजना मांडली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती सुधारून मान्य केली. म्हणजे दर्जा ठरे तो दिवस मोजून. घण कसा मारला, याला त्यात जागा नव्हती.

आता रुळांवरून शाळेत येऊ. राज्यात 2000 साली शिक्षणसेवक योजना आली. डी.एड. झालेला, रीतसर निवडलेला तरुण पहिली तीन वर्षं शिक्षक नाही, ‘सेवक’. त्याला पगार नाही, ‘मानधन’. शब्द बदलला की आकडा बदलतो, तो असा. प्राथमिक शाळेत हे मानधन बरीच वर्षं महिना 6000 रुपये होतं. सातव्या वेतन आयोगानंतर शेजारच्या वर्गातल्या कायम शिक्षकाचं नुसतं मूळ वेतन 29,200 रुपयांपासून सुरू झालं. तीन वर्षांचा हिशेब करा. सेवकाचे 2,16,000 रुपये. कायम शिक्षकाचे भत्ते आणि वेतनवाढ सोडूनच 10,51,200. फरक सव्वाआठ लाखांच्या वर, आणि दोघांच्या वर्गात पाढे तेच! 2023 मध्ये मानधन 16,000 झालं, हे खरं. पण ‘नवखा आहे, शिकू दे’ हे समर्थन मला कधीच पटलं नाही. नवखेपणासाठी वेतनश्रेणीची पहिली पायरी असतेच की.

तुम्ही म्हणाल, न्यायालय काही बोललं नाही का? बोललं. 26 ऑक्टोबर 2016 रोजी पंजाब राज्य विरुद्ध जगजितसिंग या खटल्यात न्या. खेहर आणि आपल्या नागपूरचे न्या. बोबडे यांनी निकाल दिला, की तात्पुरता कर्मचारी कायम कर्मचाऱ्याचंच काम करत असेल, तर त्याला त्या वेतनश्रेणीचं किमान वेतन मिळालं पाहिजे. यातला ‘किमान’ हा शब्द नीट ऐका. म्हणजे श्रेणीची पहिली पायरी. वर चढण्याचा, वार्षिक वेतनवाढीचा हक्क त्यात नाही. शिवाय काम सारखंच आहे, हे सिद्ध करायचं कामगारानं. नोकरीत कायम होण्याचा हक्क तर वेगळाच. उमादेवी खटल्यात 2006 साली घटनापीठानं तो नाकारला आहे.

सगळ्यात अवघड गाठ कंत्राटाची. तिथे माणूस मुळात त्या कार्यालयाचा नसतोच, ठेकेदाराचा असतो. मग तुलना कोणाशी करणार? 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत सारख्या कामाला सारखं वेतन अशी अट होती. ती अमलात मात्र फारशी दिसली नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीवर थेट नेमलेल्या कामगाराला त्यांत कायम कामगाराइतकं वेतन आणि वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी आहे. ‘थेट नेमलेला’ ही त्यातली मेख.

म्हणून कागद जपा. नेमणुकीचा आदेश, वेतनचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि हजेरीची नक्कल. नक्कल मिळत नसेल, तर रोज कुठे, किती वाजता आणि कोणतं काम केलं, ते शाळेच्या साध्या वहीत तारीखवार लिहा. शेजारी तेच काम करणाऱ्या कायम माणसाचं पदनामही त्यात टिपून ठेवा. अमरावतीला कामगार विभागाच्या कार्यालयात गेलात, तर पहिली विचारणा याच कागदांची होते.