खाडीला घातलेला वळसा

करंजाच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर रेवस दिसते. मधे धरमतरची खाडी. लाँचने पंधरा-वीस मिनिटांत पैलतीर गाठता येतो. रस्त्याने जायचे तर मात्र पेण, वडखळ असा सत्तरएक किलोमीटरांचा फेरा पडतो. पनवेलमध्ये स्थायिक झाल्यापासून मी अनेकदा रविवारी सकाळी सायकलने या धक्क्यापर्यंत आलो, मासळीच्या होड्यांची लगबग पाहिली आणि परत फिरलो. जाऊन-येऊन साधारण पासष्ट किलोमीटर. वयाच्या पासष्टीला ते पुरेसे आहे, असे घरच्यांचे मत होते. माझेही होते.

ते बदलले उरणच्या एका निवृत्त शिक्षक मित्रामुळे. त्यांनी धक्क्यावरच वाळूत बोटाने एक वर्तुळ काढले. लाँचने रेवसला जायचे, तेथून अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्यापर्यंत. परतताना अलिबागहून वडखळ, पेण, खारपाडा, आणि मग मुख्य रस्ता सोडून साई, दिघाटी, चिरनेरमार्गे उरण व करंजा. एकूण २०३ किलोमीटर. "साडेतेरा तासांत," ते म्हणाले.

साडेतेरा तासांचा हा आकडा त्यांच्या मनचा नव्हता. फ्रान्समध्ये 'ब्रेव्हे' नावाची दीर्घ पल्ल्याच्या सायकलस्वारीची एक पद्धत आहे. २०० किलोमीटरांसाठी साडेतेरा तास, ३०० साठी वीस, ४०० साठी सत्तावीस, ६०० साठी चाळीस. पहिला कोण आला याला तेथे महत्त्व नाही. मुदतीत पोहोचला की नाही, एवढेच पाहतात. वाटेतल्या ठरावीक ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा. मागून मोटार, मदतनीस, डबा असले काही चालत नाही. पंक्चर झाले तर आपणच काढायचे. १८९१ पासून चालत आलेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही बाराशे किलोमीटरांची स्वारी या परंपरेचे शिखर मानली जाते, आणि तेथे आता आपल्या देशातूनही मोठ्या संख्येने लोक जातात. महाराष्ट्राला तर हे वेड चांगलेच लागले आहे. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पूर्ण केली. दोन वर्षांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. आमचे वर्तुळ त्यापुढे अंगणातलेच. शिवाय ते कोणत्याही संस्थेचे नव्हते. नियम तेवढे उसने घेतले होते.

या वाटेचा बराच भाग डांबरी असला, तरी कोठे रुंदीकरणासाठी उकरलेला, कोठे पावसाने वाहून गेलेला, आणि शेवटच्या टप्प्यात तर मैलोन्मैल खडी-मुरमाचा. पाश्चात्य देशांत अशा वाटांवरच्या सायकलस्वारीला 'ग्रॅव्हल' म्हणतात व त्यासाठी वेगळ्या, महागड्या सायकली मिळतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावी २००६ पासून अशी दोनशे मैलांची शर्यत भरते. तेथील टेकड्यांवरचा चकमकीचा दगड टायर चिरतो, म्हणून ती प्रसिद्ध आहे.

हे वाचताना मला हसू आले. १९८४ साली माझी पहिली ग्रामीण नेमणूक सांगोल्याच्या बाजूला झाली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून आमच्या शाखेने म्हशींसाठी कर्जे दिली होती. म्हैस खरोखर घेतली आहे का आणि तिच्या कानात विम्याचा बिल्ला आहे का, हे पाहायला मी शाखेच्या काळ्या सायकलवरून वाड्यावस्त्यांवर जात असे. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून केलेले ते रस्ते. त्यांवर डांबर कधी पडलेच नव्हते. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर सहज होत. त्या सायकलचे टायर अठ्ठावीस बाय दीड इंची, म्हणजे जवळजवळ चाळीस मिलिमीटर रुंद. आज दुकानदार 'ग्रॅव्हलसाठी खास' म्हणून जे टायर दाखवतो, तेही चाळीस मिलिमीटरांचेच. फरक एवढाच की तेव्हा मला त्याचा प्रवासभत्ता मिळत असे.

दशलक्षण पर्व संपले, अनंत चतुर्दशी झाली आणि तयारीला लागलो. पाऊस पुरता ओसरेपर्यंत मातीच्या वाटांवर चाक घातले नाही. ओल्या मातीत केवढी जीवसृष्टी असते हे लहानपणापासून ऐकत आलो आहे; आणि चिखलाने चेन खराब होते हेही खरेच. ऑक्टोबरपासून आठवड्यातून चार दिवस सायकल. तीन दिवस तास-दीड तास, रविवारी लांबचा पल्ला, दर रविवारी दहा किलोमीटर वाढवत. हृदयतज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली, ती सौ.च्या अटीमुळे. मुरमाचा सराव उरणजवळच्या खारभूमीच्या बांधांवर केला. तेथे तीन गोष्टी नव्याने शिकलो. हवा कमी ठेवायची. माझ्या वजनाला डांबरावर पंचावन्न पौंड, तर मुरमावर चाळीसच्या आसपास पुरते. हँडल घट्ट आवळायचे नाही, चाक थोडे भरकटू द्यायचे. आणि वळणावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. तिसरी गोष्ट कोपर सोलवटल्यावर समजली.

सामानाची यादी टेबलावर मांडली होती : दोन ट्यूब, पंप, पंक्चरचे साहित्य, पुढचा-मागचा दिवा, चमकपट्ट्यांचे जाकीट, हेल्मेट, क्षारांच्या पुड्या. सौ. ती बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "महाराज पिंछी-कमंडलू घेऊन अनवाणी हजारो किलोमीटर विहार करतात. तुम्हाला एका दिवसाला एवढे लागते?" उत्तर नव्हते.

खरा प्रश्न सामानाचा नव्हता, जेवणाचा होता. सूर्यास्तानंतर मी अन्न घेत नाही. पाणी तेवढे घेतो. वडिलांनी हे व्रत पाळले, मी तीस वर्षे पाळतो आहे. सायकलस्वारांची पुस्तके मात्र सांगतात की लांबच्या पल्ल्यात दर तासाला काहीतरी खात राहा. शरीरातला साखरेचा साठा काही तासांत संपतो, आणि तो संपला की पाय जागच्या जागी थांबतात. त्यांचा आवडता खाऊ उकडलेला बटाटा. तो माझ्यासाठी बाद. चघळायच्या तयार गोळ्यांपैकी काहींत जिलेटिन असते, काही पाकिटांत मध, तेही बाद. बारीक अक्षरे वाचायची सवय बँकेने लावली होती, ती येथे उपयोगी पडली.

डिसेंबरमधला पहिला प्रयत्न याच हिशेबात फसला. पहाटे उपाशीपोटी निघालो. उत्साहात अलिबागला नुसता चहा घेतला. मुरूडला भूक नव्हती म्हणून अर्धेच जेवलो. वडखळला पोहोचलो तेव्हा सूर्य खाडीपलीकडे बुडत होता. आता काहीतरी खावे म्हणून थैलीतून केळे काढेपर्यंत तो दिसेनासा झाला. मित्र म्हणाले, "दोन मिनिटांनी काय होते?" मला त्यांचा राग आला नाही. मी केळे परत थैलीत ठेवले. पुढे पेणपर्यंतचे आठ किलोमीटर मी कसे काढले ते आठवत नाही. पायांत गोळे, डोळ्यांपुढे अंधारी. पेणला एका टेंपोवाल्याने मला आणि सायकलला पनवेलपर्यंत आणून सोडले. घरी सौ. एवढेच बोलली, "व्रत आधी घेतले होते की सायकल?"

तो प्रश्न बरेच दिवस मनात राहिला. काहींनी सुचवले की असल्या दिवशी सवलत घ्यावी, नंतर प्रायश्चित्त करावे. दुसरे म्हणाले की या वयात असले खेळ सोडावेत. मला दोन्ही पटेना. व्रत मोडले नव्हते. चुकला होता तो माझा हिशेब. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्यामध्ये जानेवारीत अकरा तास मिळतात. सगळे अन्न त्या अकरा तासांत बसवायचे आणि शेवटच्या दीड तासाची तरतूद आधी करून ठेवायची. बँकेत तरतूद कशाला म्हणतात हे मला निराळे सांगायला नको होते. कागद घेतला, तासवार रकाने आखले. खजूर, केळी, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, मेथी खाकरा. भूक असो वा नसो, दर पाऊण तासाला एक घास. सौ.ने लाडू लहान वळले, एका घासाचे, सायकलवर बसल्या बसल्या तोंडात टाकता यावेत म्हणून.

जानेवारीत आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जेवून आम्ही करंजाहून लाँच धरली. सायकली दोरीने कठड्याला बांधल्या. रात्र रेवसजवळ मित्रांच्या एका परिचितांकडे काढली. सकाळी सहाला रेवसच्या धक्क्यावरून निघालो. अंधार, थंडी आणि पोटात काही नाही. सव्वासातला अलिबागजवळ सूर्य वर आला आणि मी पहिला लाडू खाल्ला.

रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव, कोर्लई, काशीद. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र. या रस्त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, मी नव्याने काय लिहू? चढावर मी फक्त पुढचे चाक पाहिले. दहा वाजून पन्नास मिनिटांनी आगरदांडा, शहात्तर किलोमीटर. परतताना मुरूडला वरणभात पोटभर, पंचवीस मिनिटांत. अडीचच्या आत पुन्हा अलिबाग, चारला वडखळ. याच ठिकाणी मागच्या खेपेस सूर्य बुडाला होता. आज तो हातभर वर होता. पेणला दोन दशम्या आणि केळे. साडेपाचला खारपाड्याचा पूल ओलांडून मोठा रस्ता सोडला.

साईच्या पुढे मुरूम सुरू झाला. हवा कमी केली. सहा वाजून दहा मिनिटांनी थांबून उरलेले सगळे खजूर संपवले, पाणी प्यालो, थैली झटकून रिकामी केली. आता फक्त वीस किलोमीटर. आठ मिनिटांनी सूर्यास्त झाला. पायांत जोर होता. त्याचे मलाच नवल वाटले.

चिरनेरच्या अलीकडे मागचे चाक बसले. टोकदार खडा टायर चिरून आत गेला होता. दिव्याच्या उजेडात ट्यूब बदलली, पण घाईत नवी ट्यूब टायरच्या कडेत चिमटली आणि फुटली. दुसरी ट्यूब सावकाश बसवली. पंचवीस मिनिटे गेली. मित्रांना मी आधीच पुढे पाठवले होते. चिरनेर १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे गाव. दिवसा असतो तर हुतात्म्यांच्या स्मारकाशी थांबलो असतो. अंधारात नुसताच पुढे गेलो.

करंजाच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा सात वाजून एकेचाळीस मिनिटे झाली होती. मुदत साडेसातची. मित्र सात अठराला पोहोचले होते. सौ. त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसली होती, हातात पाण्याची बाटली. मी घड्याळ पाहिले, तर ती म्हणाली, "ते राहू द्या. उलटी-बिलटी झाली नाही ना?" नाही म्हणालो. पलीकडे रेवसचे दिवे दिसत होते.

घरी आल्यावर वहीत नोंद केली : अंतर २०३ किलोमीटर, वेळ १३ तास ४१ मिनिटे, मुदतबाह्य. मित्र म्हणतात, अकरा मिनिटांचे काय एवढे, आपलेच तर नियम. केळ्याच्या वेळीही ते दोनच मिनिटांचे म्हणाले होते. मागचा टायर बदलायला टाकला आहे, आणि ट्यूब अंधारात बसवण्याचा सराव रोज रात्री दिवाणखान्यातला दिवा मालवून चालू आहे. पाऊस सरला की नोव्हेंबरमध्ये पुन्हा लाँच धरायची.