रक्त द्या, तारीख ठरवून द्या

8 मेचा जागतिक थॅलेसेमिया दिन होतो, शिबिरांचे फोटोही छापून येतात. पण कॉलेजांना सुट्ट्या असतात आणि रक्तपेढ्यांतला साठा दर उन्हाळ्यात आटतो. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तेही आयुष्यभर.

अशा मुलाच्या आईला आपण म्हणतो, ‘काही लागलं तर सांग गं.’ म्हणतो मनापासून. पण काय मागायचं, कुणाकडे मागायचं, कितीदा मागायचं हा विचार तिच्याच गळ्यात पडतो. सहसा ती मागतच नाही. म्हणून न विचारता एखादं काम उचलावं, असं माझं ठाम मत आहे.

रक्ताची तारीख जवळ आली की मूल पांढरंफटक पडतं, किरकिर करतं, जेवत नाही. मग जामखेड-पाथर्डीकडच्या गावातून पहाटेची एसटी धरून नगर गाठायचं. हिमोग्लोबिनची तपासणी, रक्त जुळवणारी क्रॉसमॅच, पिशवीची वाट. शीर सापडेपर्यंत मुलाचं रडणं, आणि पुढे तीन-चार तास पिशवीकडे डोळे. त्या दिवसाची मजुरी बुडते, मुलाची शाळा बुडते. घरी राहिलेल्या भावंडाला त्या रात्री जेवू घालणं, वॉर्डात तासभर बसून आईला चहा-नाश्त्याला सोडणं, बुडालेला अभ्यास वहीत उतरवून देणं, एवढंही पुष्कळ आहे.

रक्ताचं मात्र नीट समजून घ्या. मामा-काका लगेच बाही वर करतात. पण पुढे बोनमॅरो प्रत्यारोपण करायचं असेल, तर जवळच्या नातेवाइकांचं रक्त टाळतात. अशा रक्तामुळे प्रत्यारोपण फसण्याचा धोका वाढू शकतो. इथे मित्र आणि शेजारी जास्त उपयोगाचे. पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. चार-पाच जणांनी महिने वाटून घेतले, तर एप्रिल-मेही रिकामे जाणार नाहीत. देणाऱ्याचा रक्तगट मुलाशी जुळायलाच हवा असं नाही, रक्तपेढीचा साठा भरला पाहिजे.

न मागता दारात जाणारं माणूस आपल्याच नगर जिल्ह्याने जगाला दाखवलंय. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं. गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. हगवण लागलेल्या पोराच्या घरी ही कार्यकर्ती स्वतः जायची, मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते आईच्या हातून करून घ्यायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1975च्या पुस्तकात जामखेडची दखल घेतली गेली आणि 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र औषधाइतकंच मोठं वाटतं ते त्या बायकांचं ओसरीवरचं बोलणं. आजारी मूल म्हणजे देवीचा कोप, ही समजूत त्यांनी शेजारीण म्हणून मोडून काढली.

थॅलेसेमियाच्या घरातही अशा बोलण्याची गरज आहे. आई आणि वडील दोघेही या आजाराचे वाहक असतील तरच मुलाला थॅलेसेमिया मेजर होतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता 25 टक्के असते. तरी बोल एकट्या सुनेला लागतात. मावशी, आत्या, काका, मामा यांनी आधी स्वतःची, वाहक आहोत का ते सांगणारी एचबीए2 तपासणी करून घ्यावी, लग्नाच्या भाचरांची करून घ्यावी. आणि कुणी तिच्याकडे बोट दाखवलंच, तर सगळ्यांदेखत तिच्या नवऱ्याचाही रिपोर्ट पुढे ठेवावा.