गुप्त मठाची गोष्ट

लहानपणी वडिलांच्या जुन्या ट्रंकेत मला बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार नि धनंजय सापडले, आणि रहस्यकथेची चटक लागली ती लागलीच. आता चाळिशी उलटली, मराठीचे प्राध्यापक म्हणून चारचौघांत थोडा मान मिळू लागला. तरी उशाशी एखादी रहस्यकादंबरी असल्याखेरीज मला झोप येत नाही. "अहो, उद्या सकाळी तास आहे ना?" असे आमची सौ. विचारते, नि कूस बदलते.

डॅन ब्राउन यांची 'द दा विंची कोड' ही कादंबरी निघाली २००३ साली. माझ्या हाती ती बऱ्याच उशिरा पडली. एका रात्रीत संपवली! पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात खून होतो आणि त्याचा उलगडा करतो कोण, तर एक प्राध्यापक. आमच्या पाठीमागे जन्मात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखेरीज काही लागले नाही. तेव्हा अशा नायकावर जीव जडायचाच. त्यातून आरंभीच लेखकाने बजावलेले, की 'सिओनचा मठ' ही गुप्त संघटना १०९९ साली स्थापन झालेली असून ती अगदी खरी आहे. लिओनार्दो दा विंची नि न्यूटन तिचे सभासद होते, आणि तसे कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

ग्रंथालयाचे नाव निघाले की मास्तरांची मान आपोआप लवते. दुसऱ्या दिवशी बखरी शिकवता शिकवता ही हकीकत मी वर्गात खरी म्हणून सांगून टाकली. पोरे तासभर चिडीचूप! तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी आली नि हळूच म्हणाली, "सर, कागद सापडला की तो लिहिला कोणी नि तिथे ठेवला कोणी हे आधी विचारावे, असे तुम्हीच सांगता ना?"

घरी येऊन शोध घेतला, आणि कान लाल झाले. ही संघटना नोंदवली गेली १९५६ साली! पिएर प्लांतार नावाच्या फ्रेंच गृहस्थाचा तो उद्योग. नाव घेतले जवळच्याच एका टेकडीचे; आणि संघटनेचे पत्रक कैवार घेई तो स्वस्त भाड्याच्या घरांचा! थोर पुरुषांची ती यादीही प्लांतार नि त्याच्या सोबत्यांनीच रचली, आणि १९६० नंतरच्या दशकात ग्रंथालयात नेऊन ठेवली. ग्रंथालयाने कागद सांभाळले एवढेच. त्यांच्या खरेपणाची हमी काही घेतली नव्हती.

रात्री मनात येई, गप्प बसावे. पोरांना काय कळणार आहे? पण एका मुलीला तर कळलेच होते. पुढच्या तासाला फळ्यापुढे उभा राहून मी चूक कबूल केली. आता हशा पिकणार, या भीतीने घसा कोरडा पडला होता. पण पोरांनी प्लांतारची हकीकत कादंबरीइतक्याच गोडीने ऐकली. त्या दिवसापासून ती मुलगी पुढच्या बाकावर बसू लागली.

वाचकहो, म्हणून मी रहस्यकथा सोडली असे मात्र समजू नका. या दिवाळीतही उशाशी नवी कादंबरी आहे. फराळाचा डबा हाताशी घेऊन ती रात्रभर वाचीन. फक्त वर्गात नेण्याआधी त्या मुलीचा प्रश्न स्वतःलाच एकदा विचारून पाहीन.