थंडी कसाऱ्यापलीकडची

दिवाळीचा फराळ संपत आला की भिवंडीतील अनेक घरांत सहलीचा विषय निघतो. यंत्रमागांची अखंड खडखड, गोदामांकडे निघालेल्या कंटेनरच्या रांगा आणि नोव्हेंबर उलटला तरी दुपारी न हटणारा उकाडा अशा गावातून दोन-तीन दिवस थंड डोंगरात जावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. मग ठरलेली नावे पुढे येतात, माथेरान किंवा महाबळेश्वर. नाताळच्या आठवड्यात मुंबई-पुण्याची गर्दीही तिकडेच लोटलेली असते. खोली मिळते ती चढ्या दराने, रस्ता मिळतो तो तुंबलेला. आणि एवढे करून माथेरानहून परतलेली मंडळी सांगतात, की स्वेटर बॅगेबाहेर काढावाच लागला नाही.

यात माथेरानचा दोष नाही. डोंगर जितका उंच तितकी थंडी अधिक, हे आपले गणित अर्धेच खरे आहे. दर हजार मीटर चढल्यावर हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. त्या हिशेबाने ८०० मीटर उंचीवरचे माथेरान भिवंडीपेक्षा पाचेक अंशांनी गार असायला हवे, आणि दुपारी ते तसे असतेही. परंतु हिवाळ्याची खरी मौज पहाटेच्या थंडीत असते, आणि ती ठरते समुद्रापासूनच्या अंतरावर. माथेरानचा डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून कोकणाच्या बाजूला उभा आहे. समुद्रावरून येणारी दमट हवा रात्रीही जमिनीची ऊब धरून ठेवते. घाटमाथ्यापलीकडे हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. सूर्य मावळला की जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते. त्यात उत्तरेकडचे थंड वारे खानदेश ओलांडून नाशिकपर्यंत येतात. म्हणूनच निफाडसारखे गाव, जे कोणी थंड हवेचे ठिकाण म्हणून ओळखत नाही, ते २०१८ च्या डिसेंबरअखेरीस २ अंशांच्याही खाली गेले होते. निफाडची उंची माथेरानहून बरीच कमी आहे.

महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर उंच असल्याने तेथे थंडी असते, यात शंका नाही. पण तेथेही गंमत अशी, की दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरातून. गावातील पारा त्याच रात्री काही अंश वर असतो. थंड हवा जड असते. वारा पडला की ती उतारावरून सरकत खोलगट जागी साचते. खोली घेताना टेकडीवरची की तळ्याकाठची, हा प्रश्न त्यामुळे केवळ देखाव्याचा राहत नाही. थंडी हवी असलेल्यांनी तळ्याकाठ धरावा, घरात दम्याचे वृद्ध असतील तर टेकडीवरची उन्हाची बाजू पाहावी.

भिवंडीकरांच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ एकच निघतो. मुंबई-नाशिक महामार्ग दारातूनच जात असताना, सह्याद्रीची खरी थंडी कसारा घाट चढला की हाती लागत असताना, ठाणे-पनवेल-पुणे असा वळसा कशासाठी? त्यात ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला. आमणे हे भिवंडी तालुक्यातीलच गाव. या टप्प्यावर इगतपुरीजवळ सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा असून त्यामुळे कसारा घाटाची वळणे टळतात. गाडी लागणारी मुले ज्यांच्या घरात आहेत, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र या मार्गावर दुचाकी आणि तीनचाकींना प्रवेश नाही, पथकर द्यावा लागतो, आणि लांबच लांब सरळ रस्त्यावर चालकाला डुलकी लागण्याचा धोका असतो. पहाटे तीनला उठून निघण्याची जुनी हौस येथे आवरलेली बरी.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, तासांत मोजावे. अंजूरफाटा, माणकोली, रांजनोली ही नावे ज्याने अनुभवली आहेत, त्याला हे पटेल. शहरातून महामार्गाला लागण्यासच कधीकधी पुढच्या निम्म्या प्रवासाइतका वेळ जातो. सुट्टीच्या दिवशी सकाळी सहा-सातच्या सुमारास निघाल्यास अवजड वाहतुकीचा त्रास कमी होतो.

स्वतःची गाडी नसली तरी बेत अडत नाही. भिवंडी रोड स्थानक वसई-दिवा मार्गावर असल्याने नाशिककडे जाण्यासाठी कल्याण गाठावेच लागते. तेथून इगतपुरीची गाडी मिळते. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी सुरू होत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. म्हणजे नाताळच्या आरक्षणासाठी ऑक्टोबरअखेरीसच जागे राहावे लागते. एसटीचा विचारही जरूर करावा. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना तेथे २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे. आजी-आजोबा, दोन सुना आणि मुले असे कुटुंब निघाले, तर भाड्यातील बचतीत एका वेळचे जेवण सहज निघते.

जायचे कोठे? दोन रात्रींसाठी भंडारदऱ्याइतके सोयीचे ठिकाण या दिशेला दुसरे नाही. घोटीहून वळले की रस्ता अकोले तालुक्यात शिरतो आणि प्रवरा नदीवरचे, १९२६ मध्ये पूर्ण झालेले विल्सन धरण समोर येते. उंची माथेरानहून कमीच, पण जागा घाटमाथ्याच्या आतली आणि भोवती पाणी, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे जलाशयावर धुके तरंगताना दिसते. रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर गाडीने गाठता येते, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या आजीलाही दर्शन घडते. घरातील तरुणांनी बारी गावातून कळसूबाई चढावे. १६४६ मीटर उंचीचे हे राज्यातील सर्वोच्च शिखर. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. एक मात्र लक्षात ठेवावे, पावसाळ्यातील छायाचित्रे पाहून धबधब्यांच्या ओढीने कोणी जाऊ नये. हिवाळ्यात ते रोडावलेले किंवा आटलेले असतात. हिवाळ्याचे वैभव आकाशात असते. शहराच्या धुरकटात न दिसणारे तारे येथे मुलांना दाखवता येतात.

दोन रात्री काढणे शक्य नसेल, तर तालुक्यातीलच वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे एका दिवसात होतात. वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांच्या काळात उभारलेले वज्रेश्वरीचे मंदिर वाटेवरच आहे. डोंगर हवाच असेल तर आसनगावजवळचा माहुली किल्ला आहे. पण तो दमवणारा आहे, सहकुटुंब नव्हे.

तारखा ठरवताना आणखी एक अडचण येते. नाताळची आठवडाभराची सुट्टी प्रामुख्याने इंग्रजी शाळांची. एकाच घरातील एक मूल इंग्रजी माध्यमात आणि चुलत भावंड मराठी किंवा उर्दू शाळेत, असे चित्र भिवंडीत नवीन नाही. अशा वेळी २५ ते ३१ डिसेंबरचा हट्ट सोडून डिसेंबरचा दुसरा आठवडा किंवा संक्रांतीनंतरचा शनिवार-रविवार धरावा. थंडी तेव्हाही असते, गर्दी मात्र ओसरलेली असते.

सामानाच्या यादीत लोकर, कानटोपी, टॉर्च हे आपोआप येतेच. पण सर्वांत मोठा धोका यादीत नसतो. थंडी वाढली की खोलीत कोळशाची शेगडी पेटवून, दारे-खिडक्या लावून झोपण्याचा मोह होतो. जलाशयाकाठच्या तंबूतही निखारे आत घेतले जातात. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होते, गुंगी येते आणि झोपेतला माणूस उठतच नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. बंद न्हाणीघरातील गॅस गीझरचेही असेच. खोली ठरवताना गीझर विजेचा की गॅसचा, तो आत बसवला आहे की बाहेर, न्हाणीघराला झरोका आहे काय, हे फोनवरच विचारून घ्यावे. शेगडी अंगणात राहू द्यावी आणि एकावर दोन रजया मागाव्यात, त्या मिळतात.

रक्तदाबाच्या रुग्णांनी पहाटेच्या फेरफटक्याचा आग्रह धरू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व दाब वाढतो. ऊन अंगावर आल्यावर, आठ-साडेआठनंतर बाहेर पडावे. वर्षानुवर्षे मागाच्या खात्यात काम करून ज्यांची छाती कापसाच्या तंतूंनी नाजूक झाली आहे, त्यांना कोरडी गार हवा सुरुवातीला बोचते. त्यांचा श्वसनाचा पंप मोठ्या बॅगेत खाली न ठेवता खिशात असावा, आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेतलेला असावा. भंडारदऱ्याहून मोठे रुग्णालय गाठण्यास वेळ लागतो. घोटी किंवा अकोल्याचा रस्ता रात्री कोण गाडीने पार करून देईल, त्याचा फोन क्रमांक मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचताच लिहून घ्यावा.